प्रीमियर पद्मिनीचा नवा बंपर पुन्हा पुन्हा तिरका का होतो

पद्मिनीचा गंजलेला पुढचा बंपर काढून बाजारात मिळणारा नवा बसवला, की पहिल्या दिवशी तो झकास दिसतो. दोन-तीन महिन्यांत मात्र तो एका बाजूने दोन सूत खाली येतो, खड्ड्यातून जाताना वाजू लागतो, किंवा त्याचा कोपरा मडगार्डला घासून रंग उडवतो. गॅरेजमध्ये नेले, की बोल्ट आवळून मिळतात, एखादा वायसर वाढवला जातो, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच गाऱ्हाणे उभे राहते. माझ्या १९८४ च्या गाडीवर हा प्रकार तीन वेळा झाला. तिसऱ्या वेळी मी सगळे उघडून, मोजून पाहिले, तेव्हा लक्षात आले की ज्याला आम्ही बंपरचा दोष म्हणत होतो, त्यातला निम्म्याहून अधिक दोष बंपर जेथे टेकतो त्या जागेचा होता आणि उरलेला आमच्या पान्याचा. बंपर आपल्या जागी बसत नसताना त्याला बोल्टच्या जोरावर ओढून बसवले होते, आणि ओढून बसवलेला पत्रा संधी मिळताच आपल्या मूळ आकाराकडे परत जाऊ पाहतो.

नवा बंपर आणि मूळ बंपर यांत फरक असतो, हे आधी मान्य करावे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी तयार होत होती आणि शहरात तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी धावत होत्या, तोवर सुट्या भागांना बारमाही गिऱ्हाईक होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा प्रवास संपला. आता गिऱ्हाईक उरले ते हौशी मालकांचे, आणि तेवढ्यासाठी मोठा प्रेस आणि पोलादी साचे कोणी चालवत नाही. त्यामुळे आज हाती येणारा बंपर बहुधा लहान कारखान्यात वाकवून, प्रसंगी दोन-तीन तुकडे जोडून आणि जोड घासून केलेला असतो. विकत घेताना त्याची मागची बाजू पाहावी. पुढून आरशासारख्या दिसणाऱ्या बंपरच्या पाठीवर वेल्डिंगची रेघ दिसली, तर तो टाकाऊ ठरत नाही. मात्र त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना वळण सारखे आहे का, हे पुठ्ठ्याचा साचा कापून तपासून घ्यावे.

पत्र्याची जाडी हा दुसरा फरक. सपाट पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे दोन मिलिमीटरऐवजी १.६ मिलिमीटरचा पत्रा वापरला, तर जाडी पाचव्या हिश्शानेच घटते, पण ताठपणा जवळजवळ निम्म्यावर येतो. संपूर्ण बंपरला त्याच्या पन्हळीसारख्या वळणामुळे आधार मिळतो, म्हणून हाताने दाबून हा फरक कळत नाही. तो कळतो बोल्टच्या भोकाभोवती, जेथे पत्रा सपाट असतो. तेथे बोल्ट जोरात आवळला, की भोकाभोवती उथळ खळगा पडतो, बंपर तेवढाच मागे जातो, आणि आपल्याला वाटते की आता तो छान टेकला.

आता माझ्या गाडीवर काय निघाले ते सांगतो, कारण बहुतेक गाड्यांवर याच दोन-तीन गोष्टींचे कमी-अधिक मिश्रण सापडेल. नवा बंपर डावीकडे खाली उतरत होता. पहिल्या गॅरेजने डाव्या ब्रॅकेटखाली, म्हणजे बंपर ज्यावर बसतो त्या गाडीला जोडलेल्या लोखंडी पट्टीखाली, वायसर घातले, दुसऱ्याने बंपरच्या भोकाचे कानसीने उभे लांबट भोक केले, आणि दोघांनीही पुढचा टायर आणि बंपर यांच्याकडे एक डोळा मिटून पाहत ‘आता सरळ’ असा निर्वाळा दिला. मी बंपर पूर्ण उतरवला आणि तो जुन्या बंपरशेजारी ओटीवर पालथा ठेवला. नवा दोन्ही टोकांनी फरशीला टेकला. जुन्याचे उजवे टोक बोटभर उचललेले राहिले. म्हणजे नवा सरळ होता आणि जुना वाकडा. कधीकाळी कोणीतरी गाडी समोरच्या उजव्या कोपऱ्यावर ठोकली होती, उजवे ब्रॅकेट मागे गेले होते, आणि त्या वेळच्या डेंटरने ब्रॅकेट सरळ करण्याऐवजी बंपरच पिळून त्याच्याशी जुळवून घेतला होता. वाकडी गाडी आणि वाकडा बंपर यांचा संसार त्यानंतर कित्येक वर्षे निर्वेध चालला. सरळ बंपर घरात आला आणि भांडण सुरू झाले.

म्हणून पहिला नियम असा की नवा बंपर बसवण्यापूर्वी जुना भंगारात देऊ नये. तो समोर असला, की आपली गाडी कोणत्या दिशेने वाकली आहे ते तोच सांगतो.

मोजमापाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण चूक येथेच होते. बंपरची उंची जमिनीपासून मोजण्यात अर्थ नाही. पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे असतात, आणि चाळिशी ओलांडलेल्या गाडीची एखादी स्प्रिंग बसलेली असणे स्वाभाविक आहे. एका टायरात हवा कमी असली तरीही गाडी झुकते. जमिनीपासून मोजून बंपर समतल केला, तर तो जमिनीशी जुळतो आणि बॉनेटशी फारकत घेतो. मडगार्डवरही विसंबू नये, कारण एवढ्या वर्षांत त्यावर किती वेळा ठोकाठोकी झाली आणि किती पुट्टी चढली, हे कोणी सांगू शकत नाही. या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी आणि सांगाडा एकच आहे. त्यामुळे भरवशाचे बिंदू शोधायचे ते खाली, पुढच्या सस्पेन्शनचा आडवा बीम जेथे बॉडीला बोल्टने जोडला जातो त्या जागी. डाव्या आणि उजव्या बाजूचा एकेक सारखा बोल्ट निवडावा, गवंड्याकडचा ओळंबा त्या बोल्टवरून खाली सोडून सपाट फरशीवर खडूने खूण करावी, आणि तसाच ओळंबा दोन्ही ब्रॅकेटच्या टोकांवरून सोडून आणखी दोन खुणा कराव्यात. मग गाडी ढकलून बाजूला घ्यावी. फरशीवर उरलेल्या चार खुणांमधली दोन्ही सरळ अंतरे आणि दोन्ही कर्णरेषा टेपने मोजाव्यात. कर्ण एकमेकांइतके आणि सरळ अंतरेही एकमेकांइतकी आली, तर पुढचा भाग मागे-पुढे किंवा बाजूला सरकलेला नाही. माझ्याकडे त्यांत ११ मिलिमीटरचा फरक आला, आणि उजवी सरळ रेषा डावीपेक्षा सात मिलिमीटरने आखूड निघाली. दहा रुपयांच्या खडूने जे दाखवले, ते दोन गॅरेजांच्या नजरेला दिसले नव्हते. ब्रॅकेट वर किंवा खाली वाकले आहे का, हे या खुणांवरून कळत नाही. त्यासाठी दोन्ही ब्रॅकेटांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवून ती त्या सस्पेन्शन बोल्टांपासून दोन्हीकडे सारख्या उंचीवर येते का, ते पाहावे.

फरक ब्रॅकेटच्या वाकण्यामुळे असेल, तर ब्रॅकेट काढून व्हाइसमध्ये धरून सरळ करावे. ते साध्या लोखंडी पट्टीचे असते. सरळ करणे अवघड नाही. फरक ब्रॅकेट काढल्यानंतरही, म्हणजे ब्रॅकेट ज्याला जोडलेले असते त्या बॉडीच्या लांबीत जाणाऱ्या बीमच्या टोकातच, दिसत असेल आणि तो चार-पाच मिलिमीटरच्या आत असेल, तर बॉडी ओढण्याच्या भानगडीत न पडता ब्रॅकेट आणि बीम यांच्यामध्ये पोलादी पट्टीचे पॅकिंग घालावे. एकावर एक चार वायसर रचू नयेत. ते गोल असल्यामुळे टेकण्याची जागा कमी होते आणि पूर्ण स्टॅक डुगडुगतो. ब्रॅकेटच्या पायाइतकी चौकोनी पट्टी कापून, तिला भोके पाडून, एकच जाड पॅकिंग करून घालावे. फरक त्याहून जास्त असेल, तर प्रश्न बंपरचा राहत नाही. ती गाडी पत्र्याचे काम जाणणाऱ्या आणि बॉडी ओढण्याचे साधन असलेल्या माणसाकडेच न्यावी.

डाव्या बाजूचा उलगडा यापेक्षा वाईट होता. ब्रॅकेट काढताना बोल्ट फिरत होता, पण बाहेर येत नव्हता. पेचकसाचे टोक बीमच्या पत्र्यावर ठोकले तर ‘टण’ असा आवाज यायला हवा. आला ‘थप्’ असा, ओल्या पुठ्ठ्यासारखा. दुसऱ्या ठोक्याला पेचकस आत गेला आणि चहाच्या पुडीतून सांडावी तशी तपकिरी भुकटी माझ्या बाहीवर ओघळली. बीम आतून पोकळ असतो. चाकाने उडवलेले पाणी आणि चिखल त्यात साचतो, आणि समुद्राजवळच्या गावांत त्या पाण्याबरोबर मीठही येते. आतला नट ज्या पत्र्याला वेल्ड केलेला होता, तो पत्राच उरला नव्हता. दर वेळी बोल्ट आवळला, की कुजलेला पत्रा थोडा आणखी आत खेचला जायचा, पाना घट्ट लागल्याचा भास व्हायचा, आणि महिनाभराच्या खड्ड्यांनंतर तेवढीच ढील पुन्हा पडायची. येथे कोणताही बंपर, अगदी मूळ कंपनीचासुद्धा, टिकला नसता. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून, नवा तुकडा वेल्ड करून, आतून मेणाचा किंवा तेलकट गंजरोधकाचा फवारा मारणे एवढाच उपाय असतो. वरून पुट्टी आणि काळा रंग लावून देणारे भेटतील. त्यांना नम्रपणे नकार द्यावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढावी, हे सांगायला नको, तरीही सांगतो.

जागा नीट झाल्यावर बंपर बसवण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो. सगळे बोल्ट आधी हाताने, दोन-तीन आटे लागतील एवढेच, लावावेत. बंपर या अवस्थेत लोंबता असला पाहिजे आणि प्रत्येक बोल्ट आपल्या भोकात बोटांनी फिरला पाहिजे. एखाद्या बोल्टसाठी पहार घालून बंपर सरकवावा लागत असेल, तर तेथेच थांबावे. तो बोल्ट लागला तरी पुढे तोच सैल होणार आहे. बंपरखाली दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे आणि त्यांवर पातळ पुठ्ठ्याचे तुकडे रचून तो हव्या उंचीवर आणावा, मडगार्डपासूनची फट दोन्हीकडे सारखी ठेवावी, आणि मग मधल्या बोल्टपासून टोकांकडे, एकदा डावा, एकदा उजवा, असे थोडे थोडे आवळत जावे. सगळे आवळून झाल्यावर ठोकळे काढावेत. ठोकळा सहज सरकला तर काम बरोबर झाले. ठोकळा दबून अडकला किंवा बंपर वर उडाला, तर कोठेतरी ताण कोंडला गेला आहे आणि सगळे पुन्हा सैल करून पाहणे भाग आहे.

मडगार्डपाशी फट किती ठेवावी, असे विचारले जाते. मी हाताच्या करंगळीचे टोक जाईल एवढी ठेवतो, कारण धावत्या गाडीत बंपरची टोके बरीच थरथरतात.

बोल्टच्या बाबतीत एक गोष्ट फार जणांना नडते. फियाट घराण्याच्या गाड्यांमध्ये १० मिलिमीटरच्या बोल्टला अनेक ठिकाणी १.२५ मिलिमीटरचा (दोन आट्यांमधले अंतर) बारीक आटा असतो, तर हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा १० चा बोल्ट १.५ च्या आट्याचा असतो. तो दोन-तीन फेरे जातो, अडतो, आणि लांब पाना लावला की नटाचे आटे खाऊन आत शिरतो. त्याला घट्टपणा येतो तो खरचटण्याचा. धरून ठेवण्याचा नव्हे. जुना बोल्ट खिशात घालून दुकानात जावे आणि नवा त्याच्या शेजारी धरून दोघांचे आटे एकमेकांत बसतात का, ते उजेडाकडे पाहून तपासावे. ॲम्बेसेडरवाल्यांची गंमत निराळी आहे. ती गाडी मूळ मॉरिस ऑक्सफर्डची, म्हणून तिच्यात इंचाचे आटे सापडतात, आणि ५/१६ इंचाचा बोल्ट ८ मिलिमीटरच्या इतका जवळ असतो की दोहोंची गल्लत होऊन एकाचा नट दुसऱ्यावर जबरदस्तीने चढवलेला मी पाहिला आहे.

बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होण्याचे आणखी एक कारण रंगात दडलेले असते, आणि ते चांगले काम करणाऱ्यालाच जास्त छळते. ब्रॅकेट हौसेने जाड पावडर कोटिंग करून आणलेले असते, बीमलाही दोन थर ताजा रंग दिलेला असतो, आणि या सगळ्या मऊ थरांवरून बोल्ट आवळला जातो. आठवड्याभरात रंग दाबाखाली पसरतो, बोल्टमधला ताण गळून जातो, आणि थरथरीने नट फिरू लागतो. म्हणून जेथे धातू धातूला टेकतो आणि जेथे वायसर बसतो, तेवढ्या जागेवर जाड रंग नको. पातळ प्रायमर पुरेसा आहे, आणि उघड्या कडा आवळून झाल्यानंतर रंगवाव्यात. बंपर वाजू नये म्हणून मध्ये रबर घालण्याची पद्धत आहे. ते अवश्य घालावे, पण बोल्टचा दाब रबरावर येऊ देऊ नये. रबराच्या भोकात त्याच्यापेक्षा किंचित आखूड पोलादी बुश, म्हणजे नळीचा तुकडा, बसवावा, म्हणजे रबर थोडे दाबले जाते आणि बोल्ट लोखंडावर आवळला जातो. साध्या स्प्रिंग वायसरचा थरथरीपुढे फारसा उपयोग होत नाही. नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, नट वापरावेत. ब्रॅकेट ते बीम या जोडासाठी ८.८ या मजबुतीच्या प्रतीचा १० मिलिमीटरचा बोल्ट असेल आणि आतला नट धडधाकट असेल, तर ४५ न्यूटन-मीटरच्या (हे आवळण्याच्या जोराचे माप) आसपास थांबावे. बंपरच्या पातळ पत्र्यातून जाणाऱ्या गोल डोक्याच्या चकचकीत बोल्टना तेवढा जोर कदापि लावू नये. त्यांच्यामागे रुंद वायसर घालावा आणि पत्रा दबू लागण्याआधी हात आवरता घ्यावा. साधारण ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा पुन्हा तपासावेत.

क्रोम की स्टेनलेस, या वादात मी कोणत्याच पक्षाचा नाही, पण दोहोंचे रोग वेगळे आहेत. क्रोमच्या बंपरवर चकाकणारा क्रोमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. गंज रोखण्याचे काम त्याखालचे निकेल करते. निकेल पातळ चढवले असेल, तर पहिल्याच पावसाळ्यात सुईच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके उमटतात. शिवाय क्रोम कठीण आणि ठिसूळ असतो, त्यामुळे क्रोम झालेला बंपर वाकवून जुळवायला गेले की त्यावर केसासारख्या चिरा पडतात आणि काही आठवड्यांत त्याच रेघांवर गंज दिसतो. शक्य असेल तेथे बंपर कच्चा, म्हणजे मुलामा न चढवलेला, मागावा; तो गाडीवर लावून, हवा तेथे वाकवून, भोके जुळवून घ्यावीत, आणि मगच प्लेटिंगला द्यावा. विक्रेते याला कुरकुरतात, पण आग्रह धरण्यासारखी ही एकच गोष्ट आहे. चोर बाजारातून जुना मूळ बंपर आणून पुन्हा क्रोम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की गंजाचे खड्डे घासून काढताना पत्रा पातळ होतो.

स्टेनलेसचा बंपर गंजत नाही, पण तो ज्यावर बसतो ते लोखंडी ब्रॅकेट त्याच्या संगतीत अधिक वेगाने गंजते, विशेषतः खाऱ्या हवेत. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, अशी ती एक लहानशी बॅटरीच असते. बंपर आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये, तसेच बोल्टच्या डोक्याखाली, नायलॉनचे पातळ कडक वायसर घातले की हा मार्ग तुटतो. लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे उत्तम प्रतीचे स्टेनलेस, हा समज सोडून द्यावा. स्वस्त २०२ प्रतीलाही चुंबक चिकटत नाही, आणि चांगल्या ३०४ ला वाकवलेल्या जागी थोडे चिकटू शकते. स्टेनलेस वाकवल्यावर साध्या पोलादापेक्षा जास्त उलट उसळतो, म्हणून अशा बंपरची टोके बऱ्याचदा बाहेर उघडलेली येतात. त्यांना बोल्टने आत ओढू नये. बनवणाऱ्याकडे परत पाठवावे.

दोन्ही प्रकारांत पाठीमागची बाजू हाच दुर्लक्षित भाग. क्रोमच्या बंपरच्या पाठीवर मुलामा नावापुरता असतो. बसवण्यापूर्वी तेथे एपॉक्सी प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्यावेत, आणि खालच्या दुमडलेल्या ओठात चिखल साचत असेल, तर दर पावसाळ्यानंतर पाण्याचा फवारा मागच्या बाजूने मारावा.

मागच्या बंपरला हेच सगळे लागू आहे. फक्त डिकी पूर्ण उघडताना तिचे झाकण आणि गाडी भरलेली असताना सायलेन्सरची नळी त्याला लागत नाही, एवढे पाहून घ्यावे. बंपरऐवजी किंवा त्याच्यावर जाड पाइपचा गार्ड लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा गार्डवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कारवाई करण्यास कळवले होते, हे त्याला ऐकवावे.

नंबरप्लेट मात्र सगळ्यात शेवटी लावावी. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा प्लेट सक्तीची आहे, आणि तिचे लॉक एकदा ठोकले की तोडल्याशिवाय निघत नाहीत. ती थेट बंपरला ठोकली, तर नव्या क्रोमला दोन भोके पडतात, आणि गंज तेथूनच सुरू होतो. प्लेट लावायला जाण्यापूर्वीच मी बंपरच्या खालच्या ओठामागून वर येणारी एक रंगवलेली लोखंडी पट्टी ब्रॅकेटला जोडून घेतली आणि प्लेट त्या पट्टीवर ठोकून घेतली. आता बंपर उतरवायचा झाला, तर प्लेटला हात लावावा लागत नाही.